मुस्लिम श्रोत्यांसाठी ख्रिस्ती गीत करायचंय? आधी हे वाचा

आमच्या गटाचं पहिलं गीत आम्ही एका वयस्कर मुस्लिम गृहस्थांना ऐकवलं. कव्वालीचा ठेका, पेटी, टाळ्या, मागे कोरस, सगळं जमून आलं होतं. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "आवाज गोड आहेत. पण हे दर्ग्यातलं झालं. आमच्या घरातून दर्ग्याला कोणी जात नाही." सहा महिन्यांची मेहनत गेली ती गेलीच. चूक गाण्यात नव्हती. 'मुस्लिम संगीत' नावाची एकच वस्तू जगात असते, असं आम्ही मनाशी ठरवून बसलो होतो.

तुमचे सहा महिने वाचावेत म्हणून हा लेख. मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, उपासनेची सवय आहे, पेटी किंवा गिटार येते, सुवार्तेचं ओझंही आहे, पण मुस्लिम शेजाऱ्यांपुढे काय आणि कसं गावं ते कळत नाही, अशांसाठी तो लिहिला आहे.

१. आधी हद्द आखा

संगीताचा विचार सुरू करण्याआधी गटातल्या सगळ्यांनी बसून चार गोष्टी कागदावर लिहून काढा. आपण ख्रिस्ती आहोत हे लपवायचं नाही. ज्याला ऐकायचं आहे त्यालाच ऐकवायचं. आजार, कर्ज, बेकारी यांत सापडलेल्या माणसाला मदत केली तर तिच्या बदल्यात गाणं ऐकायला लावायचं नाही. आणि लहान मुलांना आईवडिलांना न विचारता काही शिकवायचं नाही.

हे नियम मी घरी बसून काढलेले नाहीत. २०११ मध्ये जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स या तिघांनी मिळून बहुधर्मीय जगातल्या ख्रिस्ती साक्षीबद्दल एक छोटा दस्तऐवज काढला. फसवणूक, बळजबरी आणि आमिष यांना त्यात सरळ नकार आहे. एरवी एका टेबलाशी क्वचितच बसणारे लोक इथे एकत्र आले, यावरून विषयाचं वजन कळावं. तो मिळवून गटात मोठ्याने वाचा.

कायदा देशागणिक बदलतो. अल्जीरियात २००६ च्या अध्यादेशानुसार मुस्लिम माणसाला धर्म सोडायला प्रवृत्त करणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. मलेशियाच्या राज्यघटनेतलं कलम ११(४) मुस्लिमांमध्ये इतर धर्मांचा प्रचार नियंत्रित करण्याची मुभा राज्यांना देतं, आणि तिथल्या काही राज्यांत 'अल्लाह' सारखे शब्द बिगरमुस्लिमांनी वापरण्यावरही निर्बंध आहेत. कुठे साधं गाणं चालतं, कुठे गाण्याची फाईल पुढे पाठवणंही अंगाशी येतं. त्या ठिकाणचा कायदा जाणणाऱ्या वकिलाशी एकदा बोला. इंटरनेटवर वाचलेल्या सल्ल्यावर विसंबू नका, माझ्याही. आणि हे लक्षात ठेवा की अडचण आली तर तुम्ही निघून याल, तुमच्यासोबत गाणारे तिथेच राहतील.

२. एक भाषा, एक प्रवाह, एक वय

आता श्रोता ठरवा. 'मुस्लिम समाज' हे उत्तर चालणार नाही. कोणती भाषा? सुन्नी की शिया? सूफी परंपरेला मानणारे की तिच्यापासून चार हात लांब राहणारे? आजी, की कानात इयरफोन घातलेला नातू?

प्रत्येक उत्तराने संगीत बदलतं. उर्दू बोलणाऱ्यांत ईश्वरस्तुतीची हम्द आहे, प्रेषितांच्या स्तुतीची नात आहे, दर्ग्यातली कव्वाली आहे, शियांची मर्सिये आणि नोहे ही शोकगीतं आहेत. अरबी जगात आवाज आणि डफ एवढ्यावरच उभं राहणारं नशीद आहे, कारण अनेक घरांत तारवाद्य निषिद्ध मानतात. तुर्कांकडे इलाही नावाची भक्तिगीतं आहेत आणि मेवलेवी या सूफी पंथाच्या 'सेमा' विधीतली 'ने' नावाची बासरी आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ताराब नावाचं गायन आहे, कझाकांकडे दोंब्रा हे तारवाद्य आहे, पश्चिम आफ्रिकेतल्या मांदिंका लोकांत पिढीजात शाहिरांच्या हातात 'कोरा' नावाचं तारवाद्य आहे, इंडोनेशियात गाम्बुस हे तारवाद्य आहे. ही यादी पाठ करू नका. यातलं तुमच्या श्रोत्याच्या घरात कोणतं एक वाजतं, तेवढं शोधा.

संगीत मुळात हलाल की हराम, यावर मुस्लिमांचं आपसांतच एकमत नाही. या वादात तुम्ही पडायचं कारण नाही. समोरचं घर वाद्य वर्ज्य मानत असेल तर वाद्य बाहेर ठेवा.

३. तीन महिने फक्त ऐका

ही पायरी सगळे गाळतात. आम्हीही गाळली होती.

एक वही करा. प्रत्येक गाण्यापुढे लिहा: कोण गातं, कुठे, केव्हा, बायका गातात का, पुरुषांसमोर गातात का, कोणतं वाद्य, बसून की उभं, रडतात की डोलतात, आणि ऐकणारे मधेच बोलतात का. लग्नातलं, पाळण्यातलं, शेतातलं, मयतीतलं, सणातलं, सगळं. महिन्याभरात वहीत असे प्रकार येतात ज्यांचं नावही आपण ऐकलेलं नसतं.

दोन गोष्टी या वहीत 'गाणं' म्हणून लिहू नका: कुराणपठण आणि अजान. आपल्या कानांना ते सुरेल लागतात, म्हणून नवखा माणूस त्यांना संगीत म्हणतो. मुस्लिम माणसासाठी ते संगीत नाही, आणि तसं म्हटलेलं त्याला खटकतं. पठणाच्या ढंगात सुवार्तेचा उतारा म्हणून दाखवण्याचा मोह अनेकांना होतो. माझं मत स्पष्ट आहे: करू नका. ऐकणाऱ्याला पहिल्या दहा सेकंदांत वाटतं की हे आपलं आहे, आणि अकराव्या सेकंदाला वाटतं की आपल्याला फसवलं. त्यानंतर दार उघडत नाही. येशूला मानणाऱ्या गटांनी मुस्लिम रूपं किती घ्यावीत यावर १९९८ पासून सी-१ ते सी-६ अशी एक मोजपट्टी मिशनच्या वर्तुळात फिरते आहे आणि तिच्यावरून भांडणंही पुष्कळ झाली आहेत. तुमच्या मंडळीची भूमिका काय, हे पाळकांना आधीच विचारून ठेवा. अर्ध्या वाटेत विचारलंत तर गट फुटतो.

शिया समाजात काम करणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा. क्रूसावरच्या दुःखाचं गीत करायचं म्हटलं की नोह्याची चाल आपोआप सुचते. छाती पिटत केलेला तो शोक ऐकून अंगावर काटा येतो. पण तो शोक करबलाचा आहे, तिथे मारले गेलेले प्रेषितांचे नातू इमाम हुसेन यांचा. इसवी सन ६८० पासून जपलेल्या त्या जखमेवरची चाल उचलून तुम्ही दुसऱ्याचं नाव घातलंत, तर समोरच्याला उसनवारी दिसत नाही, चोरी दिसते. दुःखाचं गीत करा, पण त्यांच्या साध्या लोकगीतांतल्या विलापाकडे जा. मुलगी सासरी जातानाची चाल, परदेशी गेलेल्या भावाची आठवण काढणारी चाल. त्यात भरपूर जागा असते.

४. शब्दांची वही वेगळी ठेवा

सुराइतकाच शब्द अडवतो. अरब ख्रिस्ती येशूला 'यसूअ' म्हणतात, मुस्लिम 'ईसा' म्हणतात. उर्दूत 'यसू मसीह' म्हटलं की ऐकणाऱ्याला चर्च दिसतं, 'ईसा मसीह' म्हटलं की त्याच्या ओळखीचा माणूस दिसतो. कोणतं घ्यायचं? पहिल्या भेटीच्या गीतात ओळखीचं नाव घ्यावं असं मला वाटतं. पण त्या भाषेत आधीपासून ख्रिस्ती मंडळी असेल तर तिला विचारल्याशिवाय नाही. तिने शंभर वर्षं जपलेलं नाव तुम्ही एका दुपारी बदलून जाणं बरं नाही. देवाच्या नावाचंही तेच. 'अल्लाह' हा शब्द अरब ख्रिस्तीही वापरतात हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसतं, आणि मंडळीत कोणीतरी त्यावरून हमखास उठून बोलतं.

तौरात (मोशेचं शास्त्र), जबूर (स्तोत्रं) आणि इंजील (शुभवर्तमान) ही नावं मुस्लिम श्रोत्याला परकी नाहीत. दाऊदला जबूर दिलं असं कुराणात ४:१६३ आणि १७:५५ इथे आलं आहे. म्हणूनच सुरुवात स्तोत्रांपासून करणं सगळ्यात सोपं जातं. स्तोत्र २३, स्तोत्र ५१, स्तोत्र १०३, स्तोत्र १३९. यांत पश्चात्ताप आहे, दया आहे, देवाचं सर्वज्ञ असणं आहे. ऐकणारा मान डोलावतो, आणि तुम्हाला काही लपवावं लागत नाही.

जिथे मतभेद आहे तिथे तो असू द्या. कुराणात ४:१५७ क्रूसावरचं मरण नाकारतं, आणि ११२ वा सुरा, म्हणजे अध्याय, सांगतो की देवाने कोणाला जन्म दिला नाही आणि त्यालाही कोणी जन्म दिला नाही. 'देवाचा पुत्र' हे शब्द ऐकताच पुष्कळांच्या मनात शरीरसंबंधातून झालेलं अपत्य येतं आणि ते शहारतात. पहिल्याच गीताच्या ध्रुवपदात हे शब्द दहा वेळा घालायची गरज नाही. पण पुढे कोणी विचारलं तर "आमच्यात तसं काही नाही" असं म्हणून सुटकाही करून घ्यायची नाही. गीत वाद घालण्याची जागा नाही. बोलणं चहाच्या कपावर होतं, तिथे सांगा.

'हालेलुया' घातल्यावर गाणं एका क्षणात चर्चचं होतं. 'आमीन' मात्र दोन्हीकडे चालतं.

५. सूर, ठेका, वाद्य

मराठी वादकाला इथे एक फायदा आहे आणि एक तोटा. फायदा हा की राग, सम, आलाप ही भाषा आपल्याला येते. तोटा हा की आपल्याला वाटतं, आपल्याला सगळं येतं.

अरबी संगीतात मकाम असतात, साधारण आपल्या रागांसारखे. त्यातला बयाती घ्या. त्याचा दुसरा स्वर कोमल आणि शुद्ध रिषभाच्या मधे कुठेतरी बसतो. रास्त मकामाचा तिसरा स्वर असाच कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे. पेटीवर तो स्वरच नाही. एका तरुणाने आमचं गाणं ऐकून सांगितलं, "गाणारा खरं बोलतोय, तुमची पेटी खोटं बोलतेय." आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दार का बंद ठेवलं होतं, ते मला त्या दिवशी पोटातून कळलं. उपाय तीन आहेत: ऊद हे अरबी तारवाद्य किंवा व्हायोलिन वाजवणारा शोधा, पाव स्वर लावता येणारा कीबोर्ड मिळवा, किंवा सरळ वाद्याशिवाय गा. तिसरा उपाय फुकट आहे आणि बऱ्याचदा सगळ्यात चांगला.

हिजाझ मकामाचा खालचा अर्धा भाग भैरवसारखा लागतो: सा, कोमल रे, शुद्ध ग, म. तो पेटीवर बरा वाजतो, म्हणून नवखे लोक प्रत्येक गाणं हिजाझमध्ये करतात. अरब श्रोत्याला ते सिनेमातल्या वाळवंटाचं संगीत वाटतं. मकामांना भावही चिकटलेले असतात. तुर्कस्तानात सबा मकाम पहाटेच्या अजानशी जोडलेला आहे, त्यामुळे त्यात उडतं गाणं केलंत तर लोक एकमेकांकडे बघतात.

गिटारचे कॉर्ड शक्यतो टाळा. मकाम एकाच सुरेल रेषेने चालतो. खाली कॉर्डची चटई अंथरली की ते मधले स्वर बेसूर वाटायला लागतात आणि गायक नकळत पेटीच्या स्वरावर घसरतो.

ठेक्याबद्दल एकच उदाहरण. अरबी-तुर्की समाई हा ठेका दहा मात्रांचा असतो, आणि झपताल येणाऱ्याला वाटतं हे तर आपलंच. पण झपताल २-३-२-३ असा चालतो, समाई ३-२-२-३ असा. आमचा तबलजी आठवडाभर याच एका गोष्टीशी भांडत होता. आणि समाईला चार-चारच्या चौकटीत कोंबणं हा सगळ्यात वाईट मार्ग.

भाषा स्वराघाताची असेल, म्हणजे शब्दाचा अर्थ आवाजाच्या चढउतारावर ठरत असेल, तर चाल शब्दांमागून गेली पाहिजे. पश्चिम आफ्रिकेतली हौसा तशी आहे, योरुबा तशी आहे, आणि योरुबा बोलणाऱ्यांत मुस्लिम मोठ्या संख्येने आहेत. योरुबात त्याच अक्षरांचा शब्द आवाज कुठे चढतो त्यावर नवरा होतो, कुदळ होतो किंवा भाला होतो. इंग्रजी चालीवर भाषांतर बसवलं की गाणाऱ्याच्या तोंडून काय निघेल याचा नेम नाही.

६. गीत तुम्ही लिहू नका

हा लेख एका वाक्यात मागितलात तर तो हाच. त्या भाषेत जन्मलेला, शक्यतो त्याच समाजातून आलेला, विश्वासात असलेला कवी शोधा. त्याला चहा करून द्या, कागद द्या, वेळ द्या, मानधन द्या आणि गप्प बसा.

इतिहास याच्याच बाजूने आहे. चौथ्या शतकात एफ्रेम सीरियन या ख्रिस्ती कवीने सिरियाक भाषेत गीतं लिहिली ती लोकांच्या कानात आधीच बसलेल्या धाटणीत, आणि ती गायला स्त्रियांचे समूह उभे केले. पंजाबात इस्लाममधून ख्रिस्ती झालेल्या इमामुद्दीन शहबाज यांनी स्तोत्रं पंजाबी पद्यात आणली. देशी रागांवर आणि चालींवर बसवलेली ही सगळी दीडशे स्तोत्रं ४०५ भागांत १९०८ मध्ये छापली गेली. आजही पाकिस्तानातल्या मंडळ्यांत ते 'जबूर' पुस्तक न उघडता म्हटले जातात. आणि आपल्याकडे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणलं. भाषांतरित गीतांची ओढाताण ज्याने ऐकली आहे, त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. मात्र एक खरं सांगायला हवं: पंजाबी जबूर काय किंवा टिळकांचे अभंग काय, ते आधी मंडळीने स्वतःसाठी गायले. बाहेरच्यांनी ऐकले ते नंतर.

कार्यशाळा घ्यायची तर चार दिवस पुरतात. पहिल्या दिवशी फक्त उतारा वाचा आणि त्यावर बोला. दुसऱ्या दिवशी लोकांनी आपापल्या प्रकारांतून एकेक निवडावा. कोणी रुबाई, म्हणजे चार ओळींची कविता, निवडेल, कोणी गझल, कोणी ओवीसारखा जात्यावरचा प्रकार. गझल निवडली तर रदीफ-काफिया, म्हणजे शेवटी पुन्हा येणारा शब्द आणि त्याआधीचं यमक, सांभाळणारा माणूस हवाच, नाहीतर जाणकार श्रोता दुसऱ्या शेरालाच उठून जातो. तिसऱ्या दिवशी गा, चौथ्या दिवशी दुरुस्त करा. चार दिवसांत दोन टिकाऊ गीतं झाली तर आनंद माना. आम्ही एकदा अकरा केली होती. त्यातलं एकही उरलं नाही.

७. तपासा, पण कौतुक मागू नका

"कसं वाटलं?" हा प्रश्न विचारू नका. पाहुण्याला कोणी वाईट म्हणत नाही. त्याऐवजी हे विचारा: हे कोण गातंय असं वाटतं? हे कुठे गायलं जात असेल? ऐकताना कोण आठवलं? कशाबद्दल आहे, तुमच्या शब्दांत सांगा. घरात आईसमोर लावाल का? शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा.

किमान सात-आठ जणांना वेगवेगळं गाठून विचारा, आणि त्यांना आधीच सांगा की हे ख्रिस्ती गीत आहे आणि आम्हाला चुका शोधायच्या आहेत. उत्तरं लिहून घ्या. तिघांनी एकाच ओळीवर कपाळाला आठी घातली तर ती ओळ गेली, कवी कितीही रुसला तरी.

८. ध्वनिमुद्रण, आणि गाणाऱ्याची सुरक्षा

साधनं थोडकी लागतात:

- चांगला फोन किंवा हातातला रेकॉर्डर, वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ २४ बिट
- बंद हेडफोन, आणि खोली शांत करायला जाड गोधड्या
- ऑडॅसिटीसारखं मोफत सॉफ्टवेअर
- दोन वेगवेगळ्या जागी ठेवलेल्या बॅकअप डिस्क

आणि कागद:

- गायक, वादक, कवी यांचं लेखी संमतिपत्र, त्यांच्या भाषेत. नाव छापायचं का, चेहरा दाखवायचा का, नंतर काढून टाका म्हटलं तर काढणार का, हे तीन प्रश्न वेगवेगळे
- शब्द आणि चाल यांच्या हक्कांचा करार. पारंपरिक वाटणारी चाल बहुतेकदा कोणाची तरी असते, प्रसिद्ध कव्वाल्यांच्या बाबतीत तर नक्कीच
- स्थानिक मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांची मान्यता
- शब्दांची वही आणि तपासणीतली उत्तरं

जिथे विश्वासणाऱ्याला धोका आहे तिथे नाव आणि चेहरा लपवून भागत नाही. आवाज ओळखू येतो. गावातला एखादा गळा सगळ्यांना माहीत असतो. अशा ठिकाणी दुसऱ्या भागातल्या, त्याच भाषेच्या गायकाकडून गाऊन घ्या. फोटोतली जागेची माहिती पुसा, फाईलच्या आतलं नाव पुसा. हे काम रात्री बारा वाजता थकलेल्या माणसाला देऊ नका. आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं, आणि फाईल परत मागवण्यात दोन दिवस गेले.

स्त्री आणि पुरुष एकत्र गाताना ऐकू आले तर काही घरांत ते गीत बंद होतं. बायकांसाठी बायकांच्याच आवाजात वेगळं मुद्रण ठेवलं तर ते स्वयंपाकघरात पोहोचतं.

९. हातात देणं

छोटी फाईल बनवा. एकट्या आवाजाचं गाणं मोनोमध्ये ६४ केबीपीएसच्या एमपी३ला चांगलं ऐकू येतं आणि जुन्या फोनवरही चालतं. मेमरी कार्डवरून, ब्लूटूथवरून लोक आपसांत देतात. ज्याच्या हाती ते जातं त्याला विचारायचं असेल तर विचारता यावं, म्हणून शेवटी संपर्काचा एक सुरक्षित मार्ग सांगा, तोही कायदा पाहून. गीत कोणाचं आहे हे पहिल्या वाक्यातच बोलून टाका: "हे येशूला मानणाऱ्यांचं गीत आहे." काही जण तिथेच बंद करतील. करू द्या.

लाऊडस्पीकर, मशिदीजवळची जागा, नमाजची वेळ, मोहरमचे दिवस, हे टाळा. रमजानात इफ्तारला बोलावलं तर जेवायला जा आणि पेटी घरी ठेवा.

सहा महिन्यांनी परत जा आणि एकच गोष्ट बघा: तुम्ही न सांगता कोणी ते गुणगुणतंय का. आमच्या दोन गीतांपैकी एक एका बाईच्या तोंडी सापडलं, शब्द थोडे बदललेले, चाल तिच्या आजोळची. आम्ही आमची आवृत्ती काढून टाकली आणि तिची मुद्रित करण्यासाठी तिची परवानगी मागितली. तिने आधी नवऱ्याला विचारते म्हणून सांगितलं आहे.